चार दिवसांचा उपाय

तात्या कुठे बसत नाहीत, ही आमच्या गावात कौतुकानं सांगायची गोष्ट होती. ग्रामसभा असो, सप्त्यातलं कीर्तन असो, नाहीतर कुणाच्या लग्नाची पंगत, तात्या आपले मागे उभे. हात पाठीशी बांधलेले, भार कधी या पायावर, कधी त्या पायावर. लोक म्हणायचे, शिस्तीचा माणूस. खरं काय ते घरातल्या आम्हा तिघींनाच ठाऊक होतं: भामाकाकूला, माझ्या आईला आणि मला. तात्यांना बसवत नव्हतं.

तात्या म्हणजे माझे चुलते, कारभारी शेळके. माझे वडील वैजनाथ हे त्यांचे धाकटे भाऊ. मी सहा वर्षांची असताना वडील गेले आणि तिथून पुढं मला तात्यांनीच वाढवलं. नगरला नर्सिंगच्या शाळेत घातलं, लग्न लावून दिलं. नगरच्या एका खाजगी दवाखान्यात आता मला सोळा वर्षं झाली. गाव पारनेर तालुक्यात. शेळक्यांची वस्ती गावापासून मैलभर लांब, कांद्याच्या वावरात. तात्या-काकू पुढच्या घरात, आई मागच्या दोन खोल्यांत.

सांज झाली की तात्यांचे पाय जागे व्हायचे. दुखायचे म्हणावं तर दुखत नव्हते. "हाडात किडं वळवळत्यात," ते म्हणायचे. चाललं की थांबायचं, टेकलं की पुन्हा सुरू. काकू जुन्या लुगड्याच्या पट्ट्या करून पिंडऱ्या आवळून बांधायची. तेवढ्यानं घटकाभर डोळा लागायचा, मग पुन्हा अंगणात येरझाऱ्या. तरुणपणापासूनचं हे दुखणं. त्याला आजार म्हणतात हेच कुणाला माहीत नव्हतं. गावच्या डॉक्टरांनी ताकदीची इंजेक्शनं दिली, पुढच्यानं कॅल्शियम दिलं.

आठ वर्षांपूर्वी मी त्यांना नगरला दाखवलं. कंपवाताच्या रुग्णांना देतात ती गोळी सुरू झाली आणि चार वर्षं बरी गेली. मग उलटं व्हायला लागलं. रात्रीचा त्रास संध्याकाळी सुरू व्हायला लागला. डोस वाढवला की महिनाभर बरं, मग आणखी लवकर. गेल्या वर्षापर्यंत भर दुपारी पाय उसळायला लागले होते, हातसुद्धा. तात्या तळहातावर भाकरी घेऊन अंगणात चालत जेवायचे. चोवीस तासांत दोन तास झोप. डोळ्यांखाली काळं, बोलणं तुटक. आयुष्यात कधी काकूला उलट शब्द न बोललेला माणूस पाण्याच्या तांब्यावरून तिच्या अंगावर ओरडायला लागला.

आता तात्या गावात कोण होते ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

राळेगणचं बघून आसपासच्या गावांनी पाणी अडवायला सुरुवात केली तेव्हा आमच्या गावानंही केली. बांध घातले, झाडं लावली, आणि मग दारूबंदी. भट्ट्या मोडायला पुढं होते तात्या. पण पिणाऱ्यांचं काय करायचं, हे कुणाला ठाऊक नव्हतं. ते तात्यांनी आपल्या मनानं शोधून काढलं. पिणाऱ्याला चार दिवस खोलीत कोंडायचं. पाणी, भाकरी खिडकीतून. ओरडू दे, शिव्या देऊ दे, कडी काढायची नाही. पाचव्या दिवशी अंघोळ घालून देवळात शपथ. गावानं त्याला नाव दिलं, चार दिवसांचा उपाय.

माझे वडील विहिरीच्या क्रेनवर कामाला होते. रोज प्यायचे, सकाळपासून प्यायचे. एक्क्याण्णवच्या दिवाळीनंतर तात्यांनी त्यांना आमच्या वस्तीवरच्या पेंडीच्या खोलीत कोंडलं. भावाला सवलत दिली म्हणून गाव बोलेल, असं ते काकूला म्हणाले होते. तिन्ही रात्री तात्या अंगणात जागे होते, येरझाऱ्या घालत. लोकांनी त्याला पहारा म्हटलं. तिसऱ्या रात्री वडील गेले.

"दारूनं नेला," तात्यांनी दुसऱ्या दिवशी जमलेल्या लोकांना सांगितलं. गाव त्यानं हललं. सख्खा भाऊ गेला पण नेम सोडला नाही, असं झालं. त्या वर्षी सतरा जणांनी शपथ घेतली, व्यसनमुक्ती मंडळ निघालं, त्याच्या फलकावर तात्यांचं नाव लागलं आणि मंडळाच्या खोलीत वडिलांचा फोटो. कितीतरी घरं त्यामुळं उभी राहिली, हे मी नाकारत नाही.

दोन हजार सहा साली, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आम्हाला मानसिक आजारांचा विषय होता. बाईंनी फळ्यावर लिहिलं, दारू अचानक बंद केल्यास. खाली एकेक लक्षण. हात थरथरणं, दरदरून घाम, नसलेल्या गोष्टी दिसणं, फिट येणं. सगळ्यात शेवटी, मृत्यू. कंसात, दुसरा ते चौथा दिवस. मी ते वहीत उतरवून घेतलं. वडील भिंतीवरून काहीतरी वेचून काढत होते, असं आई एकदा बोलून गेली होती.

मी कुणाला सांगितलं नाही. दर रविवारी तात्या गावाहून डबा घेऊन होस्टेलच्या फाटकाशी यायचे, मी पायरीवर बसून जेवायची, आणि जेवण होईपर्यंत ते समोर उभे राहायचे. या माणसाला मी काय सांगणार होते?

*

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी त्यांना नव्या डॉक्टरबाईंकडं नेलं. मेंदूविकारांच्या डॉक्टर. वयानं माझ्याएवढ्याच. त्यांनी आधी रक्तातलं लोह तपासलं, ते कमी निघालं, सलाईनमधून दिलं. महिनाभर वाट पाहिली. थोडा फरक पडला, पुरेसा नाही.

"आजोबा, ज्या गोळीनं तुम्हाला बरं वाटलं तीच आता त्रास वाढवतेय," त्या म्हणाल्या. "या आजारात असं होतं. ती हळूहळू उतरवत न्यावी लागेल. आणि तिच्याऐवजी दुसरं औषध, अगदी थोड्या मात्रेत. अफूच्या वर्गातलं."

तात्या खुर्चीमागं उभे होते.

"कशाच्या?"

"अफूच्या. कॅन्सरच्या दुखण्याला देतो त्या जातीचं. पण तुमचा डोस त्याच्या मानानं फार लहान असेल. देण्याआधी मला काही विचारायचंय. तुम्हाला कसलं व्यसन?"

"मला सुपारीचं खांड ठाव न्हाई."

"घरात कुणाला?"

"धाकटा भाव हुता. दारूनं गेला."

त्यांनी ते लिहून घेतलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिले.

"बाई," तात्या म्हणाले, "मी पस्तीस वर्सं लोकांची येसनं सोडवली. आता म्हातारपनी अफू खाऊ व्हय?" आणि ते दार उघडून बाहेर गेले.

महिन्यानं काकूचा फोन आला. तात्या शेततळ्यात पडले होते. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद असतो, त्यावर शेवाळ, एकदा पाय घसरला की वर येता येत नाही. तालुक्यात दरवर्षी कुणी ना कुणी त्यात जातं. तात्यांच्या हाताला मोटारीचा दोर लागला म्हणून वाचले. मी गेले तेव्हा ते घोंगडीत होते आणि घोंगडीच्या आत पाय चालूच होते.

"पाय गार पान्यात धरायला गेल्तो," ते म्हणाले.

काकू चुलीपुढून उठली. "चपला काठावर नीट जोडून ठिवल्या हुत्या," ती म्हणाली. "आन् घड्याळ त्यात काढून ठिवल्यालं."

तात्यांनी घोंगडी गळ्यापर्यंत ओढली. मग मला म्हणाले, "आण ती गोळी. पर गावात कुनाला कळता कामा न्हाई."

*

औषध नगरच्या एकाच दुकानात मिळायचं. दुकानदार वहीत नाव लिहून माझी सही घ्यायचा आणि चिठ्ठीवर शिक्का मारायचा. महिन्याच्या गोळ्या माझ्याकडं असायच्या, दर रविवारी मी त्यातल्या सात काकूकडं द्यायची. काकू त्या पिठाच्या डब्यात ठेवायची आणि रोज रात्री आठला एक काढून द्यायची.

जुनी गोळी उतरवण्याचे दोन आठवडे वाईट गेले. मग एका सकाळी काकूचा फोन. "आगं, रात्री धापासून निजल्येत. आता सात वाजले. मी नाकाशी बोट धरून बघितलं दोनदा."

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा तात्या ओट्यावर मांडी घालून बसले होते. नुसते बसले होते. माझ्या धाकट्याला मांडीवर घेऊन शेंगा सोलून देत होते. एकोणचाळीस वर्षांच्या आयुष्यात तात्यांच्या मांडीवर कुणी बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

पण ते सुखानं गोळी खात नव्हते. हातात घेतली की तिच्याकडं बघत राहायचे. काकूला म्हणायचे, "आठ वाजायच्या आदीच मला तिची आठवन हुती. म्हंजी लागलंच की येसन." एकदा त्यांनी मुद्दाम दहापर्यंत थांबून बघितलं. पाय उसळले आणि तेही त्यांनी आपल्याविरुद्धच धरलं. गावात व्यसनमुक्तीवर बोलायची वेळ आली की तब्येतीचं कारण सांगून टाळायला लागले. दर महिन्याला डॉक्टरबाईंना एकच प्रश्न, सवय लागली का.

जुलैमध्ये आम्ही गेलो तेव्हा त्या निवांत होत्या. खुर्ची पुढं ओढून बसल्या.

"आजोबा, सहा महिने झाले. डोस तितकाच आहे?"

"तितकाच."

"एखादी जास्त घ्यावीशी वाटली?"

"न्हाई. पर घेतली न्हाई तर पाय उसळत्यात."

"तो तुमचा आजार आहे. बघा, व्यसन म्हणजे माणूस त्या वस्तूमागं धावतो. घर, काम, माणसं, सगळं मागं टाकतो, नुकसान होतंय हे दिसतं तरी थांबत नाही. तुमचं उलटं झालंय, तुम्ही माणसांत परत आलात. धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही, म्हणून तर दर महिन्याला बोलावते. आता शरीराला सवय होते, ती वेगळी गोष्ट. ती तुम्हालाही झाली असेल. म्हणून मनानं गोळी एकदम बंद करायची नाही. करायचीच झाली तर माझ्या देखरेखीत, हळूहळू."

"येकदम बंद केली तर?"

"घाम, जुलाब, अंगावर काटा, पाय दुप्पट उसळणार. जीव नकोसा होईल, पण या डोसवर जिवाला धोका तसा नाही. दारूसारखं नाही ते."

"दारूसारखं म्हंजी?"

"दारूचं सगळ्यात वाईट. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर फिट येतात, भास होतात, माणूस मरूही शकतो. त्यांना दवाखान्यात ठेवून, औषध देऊन..."

त्यांची नजर समोरच्या कागदावर गेली असावी. त्या थांबल्या.

"कितव्या दिशी?" तात्यांनी विचारलं.

डॉक्टरबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

"कितव्या दिशी मरतो, बाई?"

"दुसऱ्या, तिसऱ्या. चौथ्यापर्यंत."

"बरं," तात्या म्हणाले. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि चिठ्ठी माझ्याआधी स्वतःच उचलली.

पारनेरच्या एसटीत आम्हाला मागची जागा मिळाली. भाळवणी येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते.

"तुला ठाव हुतं," ते म्हणाले. विचारत नव्हते.

"हो."

"कवापासनं?"

"शिकत होते तेव्हापासून."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "भीमाच्या आदीपासनं, मग."

भीमा हा गावातल्या बनुबाईंचा मुलगा, तोही पिणारा. दोन हजार बारा साली त्याला त्याच्याच घरात कोंडलं होतं, तात्यांच्या सांगण्यावरून. तो तिसऱ्या दिवशी गेला. लिव्हर फुटलं असं सगळे म्हणाले. मी दशक्रियेला गेले होते. बनुबाईंच्या गळ्यात पडून रडलेही होते.

"हो," मी म्हणाले.

तात्या पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. मला वाटलं होतं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

*

चौथ्या दिवशी पहाटे काकूचा फोन आला. "त्यांनी सवताला पेंडीच्या खोलीत कोंडून घेतलंय. आतनं कडी. तीन दिस गोळी घेतली न्हाई. मला म्हनले पोरीला सांगू नको."

पहिल्या गाडीनं मी वस्तीवर पोचले तेव्हा आठ वाजले होते. खोलीला एकच खिडकी, गजांची. तात्या पेंडीच्या पोत्यांना पाठ लावून पडले होते. सदरा घामानं अंगाला चिकटलेला, नाकातून पाणी, हातांवर कोंबडीसारखा काटा. पाय पोत्यांवर आपटत होते, एकामागून एक, थांबत नव्हते. खोलीत घाण वास होता.

"तात्या, कडी काढा. मी डॉक्टरांशी बोललेय. गोळी पुन्हा सुरू करायला सांगितलीय."

"कितवा दिस?"

"चौथा लागला."

"वैजा तिसऱ्यालाच गेला."

"तात्या, यानं माणूस मरत नाही. या गोळीचं तसं नसतं."

ते हसल्यासारखं वाटलं. "तेवडं बी मिळायचं न्हाई म्हन की."

मी रडायला लागले. काकू दारावर थापा मारत होती. तेवढ्यात आई गोठ्यातून आली. माझी आई, रंगुबाई. नवरा गेल्यापासून तेहेतीस वर्षं ती या खोलीच्या बाजूनं गेलेली मी पाहिली नव्हती. पेंड लागली तर काकूला काढायला लावायची. तात्यांसमोर ती कधी तोंड वर करून बोलली नव्हती. तिनं मला बाजूला केलं आणि गज धरून उभी राहिली.

"भावजी."

पाय आपटतच होते, पण तात्यांनी मान वळवली.

"तवा कडी भाईरनं हुती, आता आतनं हाय. म्हंजी फिटलं आसं वाटतं व्हय तुमाला?"

"रंगू, तू जा हितनं."

"न्हाई जात. तवा गेले, आता न्हाई जात." तिचा आवाज चढला नाही. "दुसऱ्या राती त्यांनी मला ह्याच खिडकीतनं हाक मारली. म्हनले, येक घोट आन, न्हाईतर मी जातो. मी आनली हुती. अंधारात चालत जाऊन शेजारच्या गावातनं आनली. पदराखाली धरून त्या लिंबाखाली हुबी हुते. पर तुमी अंगनात. तुमी काय निजंचनात. येक खेप, दोन खेपा, मी मोजीत बसले. पाठ वळली की पुना फिरून ह्या तोंडाला. पहाट झाली तरी तुमचं चालनं थांबंना. मंग मी ती उकिरड्यावर वतली."

काकूनं तोंडाला पदर लावला.

"तो पहारा न्हवता," तात्या म्हणाले. "रंगू, तो पहारा न्हवता गं. पाय हुतं ते."

"ठाव हाय मला. आज ठाव हाय. तवा न्हवतं."

आईनं गज आणखी घट्ट धरले. मग आई म्हणाली, "हितं पडून मेला तर लोक तुमचा बी फोटू लावतील. तसं मी हू द्यायची न्हाई. भाईर या. गोळी घ्या. मानसावानी हुबं ऱ्हाऊन गावाला सांगा त्यो कशानं गेला. मंग काय करायचं ते करा."

कडी काढायला त्यांना फार वेळ लागला. 

त्या दिवशी गोळी दिल्यावर, अंघोळ घालून त्यांना निजवल्यावर, आई मागच्या खोलीत माझ्यासमोर येऊन बसली. "तुला शाळंत शिकिवलं आसंल की ह्ये," ती म्हणाली. मी हो म्हटलं. तिनं विचारलं नाही का सांगितलं नाहीस म्हणून. उठून गुरांकडं गेली.

*

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर ग्रामसभा होती. तात्या माझा हात धरून आले आणि सरपंचांकडं माईक मागितला. सरपंच तिशीतला, तात्यांच्या समोर लहानाचा मोठा झालेला. त्यानं आदरानं दिला.

तात्यांना भाषणाची सवय होती, पण त्या दिवशी शब्द एकेक करून येत होते. "माझ्या पायाला आजार हाय. त्याच्यासाटी मी रोज येक गोळी खातो. ती अफूच्या जातीची हाय. डाक्तरनं दिल्याली हाय." मंडपात कुजबुज सुरू झाली. "ती गोळी खाताना मला कळलं, की दारू येकदम तोडली तर मानूस मरतो. वैजनाथला दारूनं न्हाई नेलं. मी नेलं. कोंडून मारलं. आन् त्यो येकटाच न्हाई. आपल्याच गावातला..."

सरपंचानं माईकवर हात ठेवला. वाकून कानाशी बोलला, पण मी जवळ होते. "तात्या, बास. त्यात पोलिसाचं लफडं हुईल. मंडळाचं नाव खराब हुईल."

मग त्यानं माईक घेतला. तात्यांची तब्येत बरी नाही, वयानुसार होतं असं, आपण सगळे त्यांच्या पाठीशी आहोत, असं काहीबाही बोलला आणि पाणीपट्टीचा विषय घेतला.

तात्यांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. गावानं एकच ऐकली. संध्याकाळपर्यंत पारावर, दूध डेअरीवर, मोबाईलवर एकच, तात्या अफू खातात. वैजनाथचं कुणी बोलेचना. कुणी म्हणालं, त्या गोळीनंच डोकं फिरलंय, नाहीतर असला माणूस असं बोलेल का? ज्यांची दारू त्यांनी सोडवली होती त्यांतले दोघे येऊन पाया पडून गेले आणि म्हणाले, तात्या, अजून वेळ गेलेली नाही, सोडा ती गोळी, आम्ही सोडली ना. आठ दिवसांनी मंडळानं फलकावरचं त्यांचं नाव पुसलं. पोरं रस्त्यानं जाताना "अफूवाला" म्हणायला लागली. काकू वस्तीवरून खाली उतरेनाशी झाली.

मी सुट्टी काढून वस्तीवरच राहिले होते. त्याच आठवड्यात मी बनुबाईंकडं गेले. तात्यांना विचारलं नाही. जे नाव मंडपात घेऊ दिलं नाही ते निदान तिच्यापर्यंत पोचावं, एवढंच डोक्यात होतं.

म्हातारी दारात बसून मुगाच्या शेंगा निवडत होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. भीमा लिव्हरनं गेला नाही. दवाखान्यात नेला असता तर बहुतेक जगला असता. मला तेव्हा ठाऊक होतं.

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"तू आलीवतीस धाव्याला," ती म्हणाली.

"हो."

"माज्या गळ्यात पडून रडलीस."

"हो."

"तवा ठाव हुतं तुला."

"हो, बनुमावशी."

तिनं शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. मला वाटलं उठेल, ओरडेल, मारेल. ती माझ्याकडं नीट बघत राहिली, जणू ओळख पटवून घेत होती.

"त्याचं पोरगं तवा चार म्हैन्याचं हुतं," ती म्हणाली. "मी म्हनलं हुतं कडी काढू, लई वरडतोय. कारभारी म्हनला, मावशे, आजच्या दिस काळीज घट्ट कर. मी केलं." मग सूप पुन्हा पुढं ओढत, "तू जा आता. पुना यिऊ नको. त्याला लावून दे."

दुसऱ्या दिवशी तात्या एकटेच गेले. मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाले. सकाळी दहाला गेले ते दीडला परत आले. तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी काकूला सांगितलं नाही, मला नाही, आईलाही नाही. सदऱ्याची गळ्याजवळची दोन बटणं तुटलेली होती. काकूनं सुई-दोरा घेतला तर म्हणाले, राहू दे.

मी नगरला परत आले. गोळी चालू आहे, तेवढ्याच डोसवर. डॉक्टरबाई म्हणतात उत्तम चाललंय. मी त्यांना बाकीचं सांगितलेलं नाही. परवा काकूशी बोलले तेव्हा पायांचं विचारलं.

"पाय गप हायेत," काकू म्हणाली. "कुटं हालत न्हाईत. पर डोळं उघडंच आस्त्यात गं. मी राती कवा बी बघितलं तरी उघडंच."